आयलाला तीन दिवसात वेडर आणि गीज: भरती, उजेड आणि गाडीची खिडकी

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नोव्हेंबरच्या मध्यात तुम्ही मुलीकडे ग्लासगोला येताय आणि तिथून तीन दिवस स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयला बेटावर वेडर (चिखलात, उथळ पाण्यात चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी) आणि गीज (हंसासारखे मोठे पाणपक्षी) बघायला जायचंय. ऐरोलीचे फ्लेमिंगो, अक्षीच्या किनाऱ्यावरचे वेडर, भिगवणचे बदकं आणि बार-हेडेड गीज हे सगळं करून झालंय, दुर्बीण ८ बाय ४२ आहे, स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) नाही, गुडघ्यामुळे फार चालणं जमत नाही. आणि मुख्य अडचण ही की हिवाळ्यात वेडर सगळे करडेच दिसतात, मग ओळखायचे कसे आणि कुठल्या वेळी कुठे थांबायचं.

मी २००४ पासून ग्लासगोत आहे, आयलाला जवळजवळ दर हिवाळ्यात जाते आणि इथे क्लाइडच्या खाडीवर महिन्यातून एकदा पाणपक्ष्यांची गणती करते. माहेर रेवदंड्याचं, त्यामुळे भरती-ओहोटी लहानपणापासून अंगात आहे असं मला वाटायचं, पण आयलाने ते सगळं परत शिकायला लावलं. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते की पक्ष्यांचं पुस्तक उघडायच्या आधी भरतीचं टेबल उघडा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारी बाराला खाडीच्या टोकाशी ब्रिजेंडला पोचले, ओहोटी पूर्ण लागलेली, पक्षी पार लांब पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे. जरा जवळून बघू म्हणून मी चिखलावर उतरून चालत गेले आणि बघता बघता सगळा थवा उठून खाडीच्या पलीकडे गेला. तेव्हा नुसती हळहळ वाटली, पण त्या पक्ष्यांचं मी किती नुकसान केलं ते नंतर कळलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी जागा समजून घ्या. लॉख म्हटलं की आपल्याला तळं वाटतं, पण सी लॉख म्हणजे समुद्राची जमिनीत शिरलेली खाडीच, पाणी खारं. आयलाला असे दोन लॉख महत्त्वाचे. लॉख इंदाल नैर्ऋत्येकडे उघडतो, मोठा, रुंद, टोकाला उथळ. त्याच्या एका काठावर बोमोर, टोकाला ब्रिजेंड, दुसऱ्या काठावर ब्रुकलॅडी आणि पोर्ट शार्लट. दुसरा लॉख ग्रुइनार्ट, तो उत्तरेकडे उघडतो आणि त्याच्या टोकाला आरएसपीबीचं (ब्रिटनमधली पक्षी-संरक्षण संस्था) राखीव क्षेत्र आहे, जे एक चालू शेत पण आहे, गाईगुरं आहेत, गवत आहे. दोन्ही लॉखच्या टोकांमधली जमीन अगदी सखल आणि अरुंद आहे, गाडीने दहा-पंधरा मिनिटांत एका लॉखवरून दुसऱ्यावर जाता येतं. तुमच्यासाठी हे सगळ्यात सोयीचं, कारण इंदालच्या दोन्ही काठांनी मुख्य रस्ता पाण्याला चिकटून जातो आणि ऐंशी टक्के पक्षी गाडीत बसूनच दिसतात. गुडघ्याची काळजी करू नका.

आता भरती. आमच्याकडे आजी तिथीवरून वेळ काढायची, तिथीला पाऊणपट केली की भरतीचा तास, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा आडाखा आपल्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी चालतो पण तिकडे अजिबात चालत नाही, तिथे टेबलच बघायचं. आणि दुसरं म्हणजे मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, त्याची सवय असलेल्या माणसाला आयलाचं पाणी फार आळशी वाटतं. बेट आणि समोरचा किंटायर द्वीपकल्प यांच्या मधे समुद्रात असा एक भाग आहे जिथे भरतीची लाट जणू स्वतःभोवती फिरते आणि पाण्याची पातळी फारशी बदलतच नाही, त्यामुळे दक्षिणेला पोर्ट एलनला हा फरक उधाणालासुद्धा जेमतेम मीटरभर. इंदालला त्यापेक्षा जास्त, तरी आपल्या मानाने कमीच. ग्रुइनार्ट उत्तरेच्या बाजूला असल्यामुळे तिथे पाणी चांगलं भरतं आणि चांगलं सुकतं.

मग होतं काय, की इंदालला हवामान टेबलला हरवतं. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते, म्हणजे वादळ येऊन दाब ९८० पर्यंत गेला की नेहमीपेक्षा फूटभर पाणी जास्त, आणि वरून नैर्ऋत्येचा वारा असेल तर तो लॉखच्या तोंडातून पाणी आत ढकलत राहतो. टेबलात भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी पाण्याची भरती लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात पाणी रस्त्याखालच्या गवतापर्यंत आलेलं असतं. उलट थंडीत स्वच्छ आकाश, उंच दाब, पूर्वेचा वारा असेल तर भरती असूनही चिखल उघडा राहतो. म्हणून रोज सकाळी टेबलसोबत दाब आणि वारा बघायचा, हे मी इथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून शिकले आणि आजपर्यंत मला त्याचा फार उपयोग झालाय.

वेडर बघायची खरी वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक. पाणी चढायला लागलं की खायची जागा आक्रसत जाते आणि पक्षी आपोआप काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे सरकतात. तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही, पाणी त्यांना घेऊन येतं. स्कोप नसेल तर हेच तुमचं स्कोप, खरंच सांगते, योग्य वेळी ८ बाय ४२ पुरते आणि चुकीच्या वेळी ६० पटीचा स्कोपही कमी पडतो. (तरी मुलीच्या ओळखीत कोणाकडे असेल तर मागून घ्या, समुद्रावरच्या डायव्हर आणि स्कोटर या बुडी मारणाऱ्या पक्ष्यांसाठी लागेल.) मध्य नोव्हेंबरला तिथे उजेड जेमतेम सकाळी आठ ते संध्याकाळी चार. म्हणजे आठच तास, त्यात तुमची भरती बसली पाहिजे. फेरीबोटीचं बुकिंग करताना तीन दिवसात निदान दोन दिवस तरी भरती दहा ते दोनच्या मधे कुठेतरी येईल अशा तारखा बघा. हॉटेल कुठलंही मिळेल, भरती मिळणार नाही.

उजेडाचं पण तसंच. इतक्या उत्तरेला नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला खालीच रेंगाळतो, डोक्यावर येतच नाही, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून बघितलं की पक्ष्यांची नुसती काळी आकृती आणि पाण्याची चकाकी. सकाळी बोमोरच्या बाजूला थांबा, पश्चिमेकडे बघा, सूर्य पाठीशी. दुपारी ब्रुकलॅडी-पोर्ट शार्लटच्या बाजूला जा, पूर्वेकडे बघा. ग्रुइनार्टला सकाळी पूर्व काठाचा किलिनॅलनकडे जाणारा रस्ता, दुपारनंतर पश्चिम काठाचा आर्डनेव्हकडे जाणारा. एवढं पाळलं तर निम्मी ओळख सोपी होते, कारण करड्या पक्ष्यातला करडा आणि तपकिरी हा फरक चांगल्या उजेडाशिवाय दिसतच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, सगळे करडेच. काका, अक्षीला वेडर ओळखणारा माणूस आयलाला घाबरायचं कारण नाही कारण तिथली यादी छोटी आहे. आपल्याकडे डोकं खातात ते सँड प्लोव्हर, स्टिंट, कर्ल्यू सँडपायपर, मार्श सँडपायपर, हे स्कॉटलंडच्या हिवाळ्यात नसल्यातच जमा. तिथे चिखलावर छोटा, गोल खांद्यांचा, किंचित खाली वाकलेल्या चोचीचा, शिलाई मशीनसारखा टोचत जाणारा करडा पक्षी दिसला तर तो डनलिन, डोळे मिटून लिहा. वाळूवर लाटेच्या पुढे-मागे खेळण्यातल्या चावीच्या गाडीसारखा पळणारा, अगदी पांढरट, तो सँडरलिंग. पळाला-थांबला-वाकला, पळाला-थांबला-वाकला असं करणारा आणि गळ्यात काळा पट्टा असलेला तो रिंग्ड प्लोव्हर, आपल्या चिखल्याचा थोरला भाऊ, आणि हिवाळ्यात छोटा चिखल्या तिथे नसतोच त्यामुळे तो गोंधळही नाही. दगडांवर शेवाळ उलटं करून बघणारा टर्नस्टोन तुम्हाला माहितीच आहे. रेडशँक उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रुंद पट्टी, आणि तो सगळ्यात आधी ओरडतो, आपल्या टिटवीसारखाच चौकीदार. शेतात लॅपविंगच्या सोबत सोनेरी ठिपक्यांचे प्लोव्हर असतील ते युरोपियन गोल्डन, आपल्याकडचा पॅसिफिक नाही, उडताना पंखाखाली पांढरा दिसतो, पॅसिफिकचा तिथे करडा असतो.

उरले मोठे दोन, कर्ल्यू आणि बार-टेल्ड गॉडविट. चोच दिसली तर प्रश्नच नाही, कर्ल्यूची खाली वाकलेली, गॉडविटची लांब सरळ, टोकाला किंचित वर. पण डोकं पंखात खुपसून झोपलेले असतील तर उंचीवरून बघा, कर्ल्यू शेजारी उभा असेल तर गॉडविट त्याच्या खांद्याला लागतो. कुठल्याही थव्यात आधी ऑयस्टरकॅचर शोधा, काळा-पांढरा, लाल चोच, तो चुकतच नाही, आणि मग बाकी सगळ्यांना त्याच्या मापाने मोजा. त्याच्यापेक्षा मोठा का, अर्धा का, चतुर्थांश का. रंग सर्वात शेवटी.

गॉडविटबद्दल जरा जास्त लिहिते कारण इंदालचं ते माझं सगळ्यात आवडतं दृश्य आहे. तीन वर्षांपूर्वी बोमोरच्या थोडं पुढे रस्त्याकडेला गाडी लावली होती, काच खाली, इंजिन बंद, पाणी चढत होतं. एक मादी, चोच नरापेक्षा बरीच लांब असते त्यावरून मादी, माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आली. चिखलावर लगवर्म नावाच्या किड्यांनी टाकलेले मातीच्या शेवयांचे छोटे छोटे ढीग असतात. हा किडा आत इंग्रजी यू आकाराच्या बिळात बसलेला असतो आणि ठराविक वेळाने शेपटीकडून वर सरकून ती माती बाहेर टाकतो, तेवढ्या काही सेकंदांपुरताच तो चोचीच्या टप्प्यात येतो. ही मादी टोचत नव्हती, नुसती उभी होती, मान जराशी तिरकी. एका ढिगावर नवीन शेवई हलली, दोन पावलं पळाली आणि चोच आत, आत, पार डोळ्यापर्यंत, कपाळ चिखलाने माखलं. मग ती ओढत नव्हती तर ताण देऊन धरून होती, रबर तुटू नये म्हणून आपण हळूहळू ओढतो तसं. किडा अखेर निघाला, तिने तो पाण्याच्या डबक्यात दोनदा हलवून धुतला आणि गिळला. हे सगळं मिळून मिनिटभर. गाडीतून उतरले असते तर यातलं काहीच दिसलं नसतं.

ऑयस्टरकॅचरचं पण असंच बघा. शिंपल्यावर काही पक्षी हातोडीसारखे ठोकतात आणि काही जण उघड्या फटीत चोच सुरीसारखी घालून आतला स्नायू कापतात, आणि ठोकणाऱ्यांची चोच टोकाला बोथट होते, किडे उकरणाऱ्यांची अणकुचीदार राहते. दुर्बिणीतून नीट बघितलं तर चोचीवरून कळतं की हा पक्षी पोटासाठी काय करतो.

आता ते नुकसानीचं. थंडीत या पक्ष्यांकडे आठ तासांचा उजेड, त्यातला अर्धा वेळ चिखल पाण्याखाली. रात्रीही खातात ते, पण तरी हिशोब तंगच असतो. आपण एक थवा उठवला की उडण्यात शक्ती गेली आणि खायची वेळही गेली. भरतीच्या वेळी ते खात नाहीत, काठावर एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात, तेव्हा उठवणं तर आणखी वाईट. खूण सोपी आहे, एका पायावर उभ्या पक्ष्यांनी दुसरा पाय खाली घेतला, माना वर झाल्या, थवा हळूहळू तुमच्याकडे पाठ करून चालायला लागला, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा किंवा मागे या. फोटोसाठी मी कधीही चिखलावर उतरत नाही, एक तर त्यासाठी आणि दुसरं म्हणजे तो चिखल माणसाला धोक्याचा आहे, मऊ जागा वरून ओळखू येत नाहीत आणि पाणी मागून वळसा घालून येतं.

गीजकडे वळते, कारण खरं तर सगळं जग आयलाला त्यांच्यासाठीच येतं. बार्नॅकल गूज, पूर्व ग्रीनलंडमधे घरटी करतात, ऑक्टोबरमधे येतात, एप्रिलमधे जातात. २००० नंतरच्या दशकात चांगल्या वर्षी एकट्या आयलावर चाळीस हजारांच्या वर मोजले गेलेत. तोंड पांढरं, मान काळी, अंगावर करड्या-काळ्या पट्ट्या, आवाज छोट्या कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, आणि हजारो एकदम उडाले की बोलायची सोय राहत नाही. दुसरे ग्रीनलंड व्हाइट-फ्रंटेड, हे पश्चिम ग्रीनलंडचे, वाटेत आइसलंडला थांबून येतात आणि जगातली त्यांची सगळी संख्या आयर्लंड आणि पश्चिम स्कॉटलंड-ब्रिटनमधेच हिवाळा काढते. १९९९ च्या सुमारास हे पस्तीस हजारांच्या आसपास होते, आता वीस हजारांच्याही खाली आलेत. पिल्लंच पुरेशी होत नाहीत, त्याचं एक मोठं कारण म्हणजे पश्चिम ग्रीनलंडमधे ऐन वसंतात पडणारा जास्तीचा बर्फ. म्हणून शेतात व्हाइट-फ्रंटचा छोटा कळप दिसला तर घाईत पुढे जाऊ नका. चोच नारिंगी, पोटावर काळ्या आडव्या पट्ट्या, कपाळ पांढरं हे मोठे पक्षी, आणि ज्यांच्या पोटावर पट्ट्या नाहीत, कपाळही पांढरं नाही ती याच वर्षीची पिल्लं. ती आई-बापांना चिकटूनच असतात. मी दर वेळी मोजते, कळपात किती मोठे आणि किती पिल्लं. शंभरात पाच-सहाच पिल्लं दिसली की दिवसभर जीवाला लागून राहतं, आणि एखाद्या कुटुंबात चार पिल्लं एका ओळीत चरताना दिसली की मी ते घरी फोन करून सांगते.

बार्नॅकलचा मोठा कळप समोर असेल तर करड्यात तपकिरी शोधा. अमेरिकेकडचे छोटे कॅकलिंग गूज किंवा टॉड्स कॅनडा गूज कधीकधी ग्रीनलंडहून यांच्यासोबत चुकून येतात, आयला त्यासाठी प्रसिद्धच आहे. लाइट-बेलीड ब्रेंट कॅनडाच्या उत्तर टोकाकडून आयर्लंडला जाताना इंदाल-ग्रुइनार्टला थांबतात, नोव्हेंबरपर्यंत थोडे राहिलेले असतात, पाण्याच्या कडेला काळसर छोटे गीज दिसले तर तेच. पायात रंगीत कडं दिसलं तर अक्षरं टिपून घ्या, वरून खाली कसं वाचलं तेही लिहा. वहीत पेन्सिलने लिहा, पावसात पेन चालत नाही.

शेतकऱ्यांचा विषय टाळता येणार नाही. एवढे हजारो गीज गुरांसाठी राखलेलं गवत खातात, त्याची भरपाई सरकारी निसर्ग संस्था देते, आणि २०१४ पासूनच्या धोरणात बार्नॅकलची संख्या कमी करायचं ठरलं, त्यासाठी गोळ्या घालून मारणंही झालं. पक्षीप्रेमींचा त्याला विरोध आहे, मलाही ते बघवत नाही. पण कोकणातल्या बागायतदाराला माकडांबद्दल विचारून बघा, मग आयलाच्या शेतकऱ्याची बाजूही कळते. माझं म्हणणं इतकंच की आपण पाहुणे आहोत, गेट उघडं टाकू नका, शेतात पाय ठेवू नका. आणि पीटचा (दलदलीतली जळणासारखी वापरायची माती) वाद तर जुनाच आहे, १९८५ मधे ड्यूइक मॉस नावाच्या दलदलीवरून, जिथे व्हाइट-फ्रंट रात्री झोपतात तिथला पीट व्हिस्कीच्या डिस्टिलरीसाठी काढायचा की नाही यावरून बोमोरला भरलेली सभा खूप तापली होती. ती दलदल वाचली, आज रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, बोमोरहून पोर्ट एलनकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावरून डावीकडे दिसते. बाहेरून नुसतं तपकिरी माळरान वाटतं.

बदकांमधे ग्रुइनार्टच्या पाणी भरलेल्या गवतात तुमचे भिगवणचेच ओळखीचे भेटतील, थापट्या, तलवार बदक, टील, आणि विजन तर शेकड्याने, नराची ती शिट्टी ऐकू आली की आधी कान तिकडे जातो. इंदालच्या उघड्या पाण्यावर मात्र नवीन मंडळी, आयडर, मर्गान्सर, स्कोटर, स्कॉप, ग्रेट नॉर्दर्न डायव्हर, स्लाव्होनियन ग्रीब. इथे घाई केली की काहीच मिळत नाही कारण हे बुडी मारतात, एकाच पट्ट्यावर दहा मिनिटं दुर्बीण धरून बसा, जिथे पाणी रिकामं वाटत होतं तिथे पाच डायव्हर निघतात. लाटा असतील तर बंदराच्या आडोशाला बघा. आणि येतानाच सुरुवात करा, मुख्य भूमीवरच्या केनाक्रेग बंदरातून फेरीबोट लांब चिंचोळ्या पाण्यातून बाहेर पडते, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास आहे, आतल्या सीटवर बसून चहा पिण्यात घालवू नका, डेकवर उभे राहा, गिगा बेटाच्या बाजूला डायव्हर आणि ब्लॅक गिलेमॉट हमखास दिसतात.

बारीकसारीक सूचना. लहान रस्ते एकाच गाडीपुरते रुंद आहेत, मधे मधे समोरच्या गाडीला वाट द्यायला पासिंग प्लेस असतात, तिथे पक्षी बघायला गाडी लावायची नाही, लोकांची दूधाची, शाळेची, डॉक्टरची वाट अडते. समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करतो, तुम्हीही करा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, बर्ड फ्लूने २०२१-२२ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या दक्षिणेकडे सॉलवेच्या किनाऱ्यावर, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डहून येणाऱ्या बार्नॅकलपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. दुसरीकडून आलात तर बुटाचा चिखल धुऊन या. वाऱ्यात दुर्बीण हलते, म्हणून एक बीन-बॅग आणा, नसेल तर एक किलो तांदूळ कापडी पिशवीत घालून गाडीच्या खिडकीवर ठेवा, कोपर त्यावर टेकवा, मी अजूनही तेच करते. वॉटरप्रूफ पँट विकत घ्या, जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी. आणि वादळात फेरीबोट रद्द होते, परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवाच.

तीन दिवसांचं म्हणाल तर मी अशी फिरेन. पहिल्या दिवशी पोचल्यावर इंदालचा काठ हळूहळू, कुठे काय आहे ते फक्त बघायला, मोजायला नाही. दुसऱ्या दिवशी अंधारातच ग्रुइनार्टला. गीज रात्री लॉखच्या उघड्या चिखलावर झोपतात आणि उजाडताना शेतात येतात, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी रस्त्याकडेच्या सुरक्षित जागी गाडी लावून काच खाली करा. आधी फक्त आवाज येतो, खूप लांबून, बाजारातल्या गलक्यासारखा, मग पहिली ओळ डोक्यावरून, मग दुसरी, आणि मग ओळी मोजणं आपण सोडून देतो. दिवसभर दोन हाइड (लपून पक्षी बघायच्या खोल्या) आहेत तिथे बसा, रस्त्याजवळच्या हाइडला चालणं फार नाही. शेतावर हॅरियर हा शिकारी पक्षी फिरतो, एखादा पांढऱ्या शेपटीचा गरुड आला तर सगळं आकाश गीजने भरतं, तेव्हा गीजकडे नाही तर त्यांच्या वर बघा. आर्डनेव्हच्या टोकाला लाल चोचीचे, लाल पायांचे चफ कावळे असतात, वेळ मिळाला तर नक्की. तिसरा दिवस भरतीच्या हवाली, त्या दिवशी पाणी म्हणेल त्या काठावर.

मोजायचं असेल तर आधी दहा नीट मोजा, डोळ्यात तो तुकडा बसवा, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, आणि शंभराचे तुकडे थव्यावर ठेवत जा. सुरुवातीला आपण नेहमी कमीच मोजतो. फोटो काढून नंतर घरी मोजून ताळा करा, चार-पाच वेळा केलं की डोळा बसतो.

संध्याकाळी निदान एकदा आर्डनेव्हच्या रस्त्यावर थांबा, गीज परत लॉखवर उतरतात ते सूर्यास्तानंतर बराच वेळ चालू असतं. पौर्णिमेच्या आसपास असाल तर ते चांदण्यातही शेतात चरत राहतात आणि उशिरा येतात, त्यामुळे चारला अंधार झाला म्हणून लगेच निघू नका. थर्मासमधे चहा ठेवा. तारखा पक्क्या झाल्या की इथे लिहा, त्या तीन दिवसांचं दोन्ही लॉखचं भरतीचं टेबल बघून कुठल्या दिवशी किती वाजता कुठल्या काठावर गाडी लावायची ते मी तुम्हाला काढून देते.